उंचीचा दगड

मामांच्या पंचाहत्तरीचा सत्कार इंदुरात रामबागेतल्या एका सभागृहात झाला आणि तिसऱ्या वक्त्यानं घोळ घातला. पहिल्यानं मामांना वटवृक्ष म्हटलं, दुसऱ्यानं दीपस्तंभ. इंदुराहून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, पण सत्कारात दीपस्तंभ चालतो. मामाही काही बोलले नाहीत. तिसरा उठला आणि म्हणाला, "मामा म्हणजे इंदूरच्या मराठी जीवनातला मैलाचा दगड!" झालं. गळ्यात हार, खांद्यावर शाल, एका हातात नारळ, अशा अवस्थेत मामा उठले आणि उरलेल्या हातानं त्यांनी माइक ओढून घेतला.

"एक दुरुस्ती. मैलाचा दगड अंतर सांगतो, उंची सांगत नाही. मला दगडच म्हणायचं असेल तर बेंचमार्क म्हणा."

टाळ्या पडल्या. निम्म्या लोकांना वाटलं मामा स्वतःची जास्तीची स्तुती करून घेताहेत, कारण हल्ली बेंचमार्क हा शब्द फक्त म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीत आणि नोकरीतल्या पोरांच्या तोंडी सापडतो. उरलेल्या निम्म्यांचं लक्ष मागून येणाऱ्या मसालेभाताच्या वासाकडे होतं. पहिल्या रांगेतून मामी मला हळूच म्हणाली, "आता हे समुद्रापर्यंत जाऊन येतील. तू पानं मांडायला सांगून ये."

मामी त्यांना ओळखून आहे. मामा खरंच समुद्रापर्यंत गेले.

मामा मध्यप्रदेशात सिंचन खात्यात होते. आयुष्यभर कालवे काढले. कालवा काढणाऱ्या माणसाचा देव एकच, उतार. "पाणी साहेबाची सही बघून वाहत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. उतार काढायचा तर उंची हवी, आणि उंची काढायची तर कुठेतरी एक असा दगड हवा, ज्याची उंची आधीच कुणीतरी नक्की करून ठेवलीय. तो बेंचमार्क. खात्यातली माणसं त्याला बीएम म्हणतात, तेही अशा आदरानं की नवख्याला वाटावं बीएम नावाचे कुणी साहेबच असतील. बेंच म्हणजे बाक. पूर्वी दगडात छिन्नीनं आडवी खाच मारायचे, तिच्यात लोखंडी कोन अडकवायचे आणि त्या बाकावर मोजपट्टी उभी करायचे. बाक आहे तो पट्टीला बसायला, माणसाला नाही. एकदा खाचेची उंची दफ्तरात चढली की दगडाला जन्मभर एकच काम उरतं: जागचं हलायचं नाही.

मी एकदा म्हटलं, "मामा, हे काम सरकारी कचेरीत पुष्कळांना जमलेलं आहे." मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गाण्यात असतात तशी बीएमचीही घराणी आहेत. सगळ्यात वरचं घराणं जीटीएसचं, म्हणजे ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेचं. त्याखाली खात्यानं जीटीएसवरून उंची आणून पक्का केलेला, पुलाच्या कठड्यावर नाहीतर कचेरीच्या जोत्यावर कोरलेला कायमचा बीएम. त्याखाली टीबीएम, तात्पुरता, जो कामापुरता एखाद्या पायरीवर किंवा खिळ्याच्या डोक्यावर करतात. आणि सगळ्यात शेवटी 'समजा शंभर'. आसपास काहीच नसलं की कुठल्याही एका दगडावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, समजा ह्याची उंची शंभर मीटर. मग त्यावरून पुढचं सगळं अगदी बिनचूक मोजायचं. नियमाला धरून आहे, पुस्तकात आहे, परीक्षेत विचारतात. पण मामांना हा प्रकार मनापासून आवडत नाही. "आकडेमोड तीन दशांशांपर्यंत आणि पाया हवेत!" मला मात्र वाटतं, मराठी लग्नाच्या जाहिराती, टीव्हीवरच्या चर्चा आणि आपल्या लहानपणाच्या आठवणी, सगळं समजा शंभरवरच चाललेलं असतं.

तर त्या दिवशी हातात नारळ घेऊन मामांनी सांगितलं की समुद्रसपाटी हीसुद्धा आयती मिळत नाही. समुद्र वर-खाली होतो. तो बंदराबंदरांत वर्षानुवर्षं मोजून त्याची सरासरी काढावी लागते. हिंदुस्थानात पातळी मोजत जाण्याचं मोठं काम १८५८ साली कराचीकडून सुरू झालं आणि १९०९ साली नऊ बंदरांतल्या नोंदी एकत्र करून उंचीचा हिशेब जुळवला. त्यात कराची होतं, मुंबईचं अपोलो बंदर होतं, कारवार, कोचीन, नागपट्टण, मद्रास आणि विशाखापट्टणही होतं. तिथून पट्टी पुढे, यंत्र पुढे, पुन्हा पट्टी पुढे असं करत ती उंची घाट चढून, नद्या ओलांडून पठारावर आणली. दर मुक्कामाला दगडावर खूण. पट्टी धरणाऱ्या माणसाला सर्व्हेत खलाशी म्हणतात. "म्हणजे ह्या माळव्यात समुद्र नसेल," मामा म्हणाले, "पण समुद्राची उंची खांद्यावर घेऊन खलाशी इथपर्यंत आले होते. तेव्हा दीपस्तंभाबद्दल माझी तक्रार नाही."

ह्यावर खरी टाळी पडली. मामीनं ती संधी साधून मामांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि लोक उठले.

मामांचं हे वेड लग्नाइतकं जुनं आहे, म्हणजे मामीच्या मते एका आठवड्यानं जास्त जुनं. लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर जायचं ठरलं तेव्हा मामा म्हणाले, नागपूरला जाऊ. मामीला वाटलं संत्री. नागपुरात उतरल्यावर मामा तिला थेट झिरो माइलला घेऊन गेले. तिथला वालुकाश्माचा खांब आणि शेजारचा १९०७चा जीटीएसचा स्टँडर्ड बेंचमार्क. त्या सहलीचा एकच फोटो घरात आहे: एक खांब आणि डोळ्यांवर ऊन आल्यानं कपाळाला आठी घातलेली मामी. फोटोच्या मागे मामांच्या अक्षरात '१०२०.१७१ फूट' असं लिहिलंय. मामीचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी हिंगणघाट. तिथे काय? तर विल्यम लॅम्बटनची कबर. ह्या गृहस्थानं १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासला पहिली आधाररेषा मोजायला घेतली, वीस वर्षं देश मोजत वर सरकला आणि सत्तरीच्या घरात, २० जानेवारी १८२३ला, काम अर्धं टाकून हिंगणघाटला गेला. काम पुढे एव्हरेस्टनं नेलं आणि जगातलं सगळ्यात उंच शिखर त्याच्या नावावर लागलं. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाट. मामीचं म्हणणं, "त्या बिचाऱ्याचं मला वाईट वाटलं. पण हळदीच्या पायांनी कबर बघायला नेणारा नवरा दुसरा झाला नसेल."

मामीचं माहेर उज्जैनचं. आमच्या घरात त्यामुळे होळकरशाही आणि शिंदेशाही अजून चालू आहे. इंदूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आणि उज्जैन त्याहून पन्नास-साठ मीटर खाली, हे मामा वर्षातून चार वेळा तरी सांगतात. "मी नाही म्हणत, कान्ह नदी म्हणते. इंदुरातून निघते, सांवेरवरून जाते आणि उज्जैनच्या अलीकडे क्षिप्रेला मिळते. पाणी वरून खालीच जातं."

"हो," मामी म्हणते, "तुमची सगळी घाण आमच्याकडे येते, असंच ना? शहर स्वच्छतेत पहिलं तुमचं आणि नदीत वाहून येणारं आमचं."

मग मामी तिचा हुकमाचा पत्ता टाकते. उंची तुमची असेल, शून्य आमचं. सूर्यसिद्धान्तापासूनच्या ज्योतिषगणितात मध्यरेषा उज्जैनवरून जाते. ग्रीनिचला त्या वेळी कुणी ओळखत नव्हतं. सवाई जयसिंगानं वेधशाळा बांधली ती उज्जैनला, आणि पडझडीनंतर १९२३ साली माधवराव शिंद्यांनी ती नीट करून घेतली. तिथे गोविंद सदाशिव आपट्यांसारखा गणिती बसला. "तुमच्या होळकरांनी काय मोजलं?" ह्यावर मामांकडे उत्तर नसतं, म्हणून ते म्हणतात की होळकरांनी रेल्वेसाठी इंग्रजांना एक कोटी मोजले. मामी उशिरा तयार झाली तरी उज्जैनचाच आधार घेते. तिथला सूर्य सरकारी घड्याळापेक्षा सुमारे २७ मिनिटं मागे आहे, हे गणित बरोबर आहे. मामा बिनचूकपणाचे भक्त असल्यामुळे त्यांना मुकाट्यानं बाहेर उभं राहावं लागतं.

सत्कारानंतरच्या रविवारी सकाळी मामा पोह्यांची प्लेट हातात घेऊनच माझ्या घरी आले. वर शेव, बाजूला जिलबी, बगलेत एक पिवळी पडलेली वही. "गाडी काढ. सांवेर रोडला जायचंय."

२०२८च्या सिंहस्थासाठी इंदूर-उज्जैन रस्ता सहापदरी होतोय. रस्ता रुंद झाला की कडेच्या मोऱ्या जातात आणि मोऱ्यांबरोबर त्यांच्या कठड्यांवर कोरलेले बीएम. मामा नवखे ओव्हरसियर असताना ह्या रस्त्यावरच्या एका मोरीवरच्या बीएमपासून त्यांनी आयुष्यातलं पहिलं लेव्हलिंग केलं होतं. जीटीएसचा नव्हे, खात्याचा. पण पहिलं प्रेम कुठल्या घराण्याचं आहे हे कोण बघतं? वहीत त्याचा पत्ता होता: 'सांवेरकडे जाताना डाव्या हाताला, दगडी मोरीच्या कठड्यावर, वडापासून अकरा पावलं, विहिरीसमोर.'

मी म्हटलं, "मामा, मोरी असेल का अजून?"

"मोरी हलत नाही रे."

आम्ही निघालो. मामांच्या पिशवीत तारेचा ब्रश, खडू, भिंग, टेप आणि खरवडायला मामीचा जुना कलथा. मरीमाता चौकातून बाणगंगा, तिथून सांवेर रोडचं औद्योगिक क्षेत्र. हा रस्ता डोळे मिटून ओळखता येतो. इथे मसाला, पुढे बिस्किट, मग गरम प्लॅस्टिक, मग कुठल्यातरी औषधाचा कडवट वास आणि अचानक तळणाऱ्या शेवेचा. मामा मागे बसून नाकावर नव्हे, डोळ्यांवर विसंबून होते आणि दर शंभर पावलांवर "थांब" म्हणत होते.

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला टेप आणि वही घेऊन दोन माणसं उभी राहिली तर पाच मिनिटांत काय होतं, हे ज्यांनी अनुभवलं नसेल त्यांनी अनुभवावं. पहिल्याच ठिकाणी एक दुकानदार धावत आला. त्याच्या मागे पोरगा दोन कट चहा घेऊन. "साब, कितना जाएगा?" मला काही कळेना. त्यानं दुकानाच्या पायऱ्या, मग शटर, मग आतलं काउंटर, असं क्रमानं दाखवलं. "यहां तक? के यहां तक?" मामांनी चहा घेतला, शांतपणे संपवला आणि म्हणाले, "मैं चौडाई नहीं नापता, भिया. सिर्फ ऊंचाई." दुकानदाराचा चेहरा आणखीच पडला. आता वरचा मजलाही जाणार असं त्याला वाटलं असावं.

दुसऱ्या ठिकाणी एक शेतकरी मोटरसायकल थांबवून म्हणाला, "चांदा ढूंढ रिये हो क्या?" मध्यप्रदेशात गावाची हद्द जिथून मोजतात त्या दगडाला चांदा म्हणतात. पटवारी सीमांकनाला आला की आधी चांदा शोधतो, तो सापडत नाही, आणि तारीख पुढे जाते. महाराष्ट्रात लोक चांद्यापासून बांद्यापर्यंत सहज म्हणतात. इथे चांदाच सापडत नाही म्हणून बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या चालू आहेत. त्या माणसाचीही होती. तासभर त्यानं ती सांगितली. शेवटी मामा म्हणाले की तुमच्या वडिलांनी चांदा हलवला असणार. तो म्हणाला, वडिलांनी नाही, काकांनी. आणि खूश होऊन गेला. तिसऱ्याला वाटलं आम्ही होळकरांचं गुप्तधन शोधतोय. त्यानं चहा दिला नाही, पण पाव किलोमीटर आमच्या मागेमागे आला.

वहीतला पत्ता तोवर निकालात निघाला होता. वड नव्हता. विहीर नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे डावा हातही नव्हता, कारण जुना रस्ता रुंद होताना एकाच बाजूला वाढला आणि त्या काळातली डावी कड आता दुभाजकाच्या आसपास कुठेतरी होती. दुभाजकावर कण्हेर फुलली होती. मामा तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले.

माझ्या मनात वेगळीच शंका होती. इंदूर २०१७पासून देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर आहे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं म्हणत येते आणि सुक्याबरोबर ओला कचरा टाकला तर शेजारीही बोलत नाहीत. अशा शहरात रस्त्याच्या कडेला बिनकामाचा, अर्धवट कोरलेला, मळका दगड किती दिवस टिकणार? स्वच्छ गावात जुनी वस्तू जपणं कठीण असतं. आणि सोडला, तर त्याला रंग देऊन वर 'सेल्फी पॉइंट' लिहिणार. मामांना हे सांगितलं असतं तर ते गाडीवरून उतरले असते, म्हणून मी बोललो नाही.

पुढे रुंदीकरणाच्या कामावर एक पोरगा भेटला. पिवळं जाकीट, हातात काठी, काठीच्या टोकाला भूछत्रासारखी पांढरी थाळी. मामांनी विचारलं, "बीएम कौनसा पकडा?" पोरगा म्हणाला, "अंकल, अब बीएम कौन पकडता है? सॅटेलाइट से आता है." सर्व्हे ऑफ इंडियानं देशभरात हजाराच्या घरात कायमची केंद्रं उभी केलीत, त्यांच्याकडून काठीला तिथल्या तिथे जागा कळते. मामा लहान मुलासारखे ते यंत्र बघत होते. मग त्यांनी विचारलं, "समुद्र कौनसा?"

आता पोरगा हसला, कारण प्रश्न बरोबर होता. उपग्रह जी उंची देतो ती समुद्रापासूनची नव्हे, गणितानं कल्पिलेल्या गुळगुळीत पृथ्वीपासूनची. आपल्या भागात त्या दोहोंत पन्नास-साठ मीटरचा फरक पडतो, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्र स्वतःच ह्या गुळगुळीत पृथ्वीच्या शंभराहून जास्त मीटर खाली जातो. उपग्रहाचं जसंच्या तसं खरं धरलं तर आपला सात मजली राजवाडा कळसासकट बुडेल. म्हणून हा फरक काढायला शेवटी कुठल्यातरी जुन्या बीएमवर काठी टेकवावीच लागते. "मतलब पत्थर तो चाहिए," मामा म्हणाले. पोरगा म्हणाला, "चाहिए तो सही, अंकल. मिलता कहां है?" मग दोघं तिथेच खडीच्या ढिगावर बसले आणि माझ्याकडे कुणी अर्धा तास बघितलं नाही.

विलायतेतही हेच चाललंय म्हणा. तिथल्या ऑर्डनन्स सर्व्हेनं चर्चच्या भिंतींपासून दारूच्या गुत्त्यांपर्यंत पाचेक लाख खुणा कोरल्या होत्या. आता त्यांची देखभाल कुणी करत नाही. हौशी म्हातारे सुटीच्या दिवशी पिशवी घेऊन शोधत फिरतात. मला हे कळल्यावर बरं वाटलं. म्हणजे तिकडेही भाचे असणार.

जाताना तो पोरगा म्हणाला, थरावर थर पडून हा रस्ता जुन्यापेक्षा बराच वर आलाय, मोरी असली तर खाली असेल. मामांना हे लगेच पटलं. मुंबईत सेंट थॉमस चर्चपासून मोजलेले जुने मैलाचे दगड असेच फुटपाथात गळ्यापर्यंत बुडालेले सापडले होते, आणि स्वतःच्या घराच्या तीन पायऱ्यांची डांबरापायी एक पायरी झालेली मामांनी डोळ्यांदेखत पाहिली आहे. "दगड हरवला नाही," ते मला म्हणाले, "बुडाला." आणि का कोण जाणे, त्यांचा चेहरा खुलला.

तेवढ्यात भेरूजी दिसले.

एका गोदामाच्या कुंपणाला लागून एक चौकोनी दगड, शेंदरानं गोल झालेला, वर चांदीचा वर्ख, समोर अर्धी जळलेली उदबत्ती. माळव्यात असे भेरूमहाराज जागोजागी आहेत. मामा वाकले. भिंग काढलं. "कडा बघ. हा घडीव दगड आहे. मोरीच्या कठड्याचा." त्यांचा हात पिशवीतल्या कलथ्याकडे जातोय हे मी आणि गोदामाचा चौकीदार, दोघांनी एकाच वेळी पाहिलं.

"बाबूजी, भेरूजी को हाथ मत लगाना."

मामांनी त्याला समजावलं, की टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, आणि ह्या देवानं ते घाव नेमके कुठे सोसलेत एवढंच मला पाहायचंय. चौकीदाराला मराठी येत नव्हतं. मग मामांनी त्याला लॅम्बटनची गोष्ट सांगितली. १८०८ साली ह्या साहेबानं अर्ध्या टनाचं यंत्र तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळावर दोरांनी चढवायला घेतलं, दोर तुटला आणि यंत्र आपटून चेपलं. बसून सहा आठवडे ठोकत होता. त्याच देवळाच्या भिंतीवर पाच वर्षं आधी, १८०३मध्ये, तंजावरच्या भोसल्यांनी आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवलेला. त्याला काहीही झालं नाही. ह्या गोष्टीचं तात्पर्य मामांच्या मनात 'दगडावर कोरलेलं टिकतं' असं होतं. चौकीदारानं वेगळं काढलं. "देखा? जिसने मंदिर में मशीन लगाई, उसकी मशीन टूटी."

मामा निरुत्तर झाले. मग त्यांनी समोरच्या टपरीवरून नारळ आणला आणि रीतसर फोडला. हात जोडून पुटपुटत होते. मला वाटलं स्तोत्र. जवळ गेलो तर शेंदराच्या थराची जाडी अदमासत होते. "वर्षाला दोन चोळे. निदान पंचेचाळीस वर्षं. किलोमीटरमागे काही मिलिमीटर चुकलं तर आम्हाला परत मोजायला लावायचे, आणि हा देव बसल्या जागी बोटभर वाढलाय."

कुठल्याही सर्व्हेनं ह्या दगडाइतकी नेमानं देखभाल केली नसती, हे मी म्हणून दाखवलं. मामा म्हणाले, "जपलाय खरा. पण वाचता येत नाही."

आता इतकं आलोच आहोत तर सांवेरला जाऊन येऊ, असं ठरलं. तिथल्या उलट्या हनुमंताला मामा वर्षातून एकदा जातात. डोकं खाली, पाय वर, शेंदरी चेहरा. अहिरावणानं राम-लक्ष्मणांना पळवलं तेव्हा मारुती पाताळात शिरला तो हा सूर मारलेला, असं सांगतात. रविवारची गर्दी होती. मामा रांगेत माझ्या कानाशी म्हणाले, "ह्या देवाचं आणि आमचं जुनं आहे. आमच्या डम्पी लेव्हलच्या दुर्बिणीत सगळं जग उलटं दिसायचं. खलाशी डोक्यावर उभा, झाडं लोंबकळलेली, पट्टीवरचे आकडे खाली डोकं वर पाय. चाळीस वर्षं तसंच वाचलं. अख्ख्या हिंदुस्थानात हा एकच देव, जो आमच्या यंत्रातून सरळ दिसला असता." मग जरा थांबून म्हणाले, "आणि समुद्रसपाटीच्या खाली जाऊन परत आलेलाही हा एकटाच."

मामांच्या घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. ओट्यावर गवंडी बसला होता. मामेभावानं पुण्याहून फर्मान काढलं होतं की रस्त्याचं पाणी घरात यायला लागलंय, तेव्हा ओटा उचलून घ्या आणि वर ग्रॅनाइट बसवा. गवंडी दोरी लावून तयार, मामी कमरेवर हात ठेवून उभी.

"सगळं उचला," मामी त्याला सांगत होती, "पण हा दगड नाही. हा आहे तिथेच राहू द्या, भोवती चौकट सोडा."

ती दाखवत होती तो पायरीचा एकुलता उरलेला दगड. त्यावर मधोमध वीतभर नाही, चार बोटांचा एक चौकोन कोरलेला आहे, आणि मामी रोज सकाळी त्याच्याभोवती ठिपके घालून रांगोळी काढते. मी लहानपणापासून तो रांगोळीसाठीच आहे असं समजत होतो. मामा माझ्या मागे एकदम स्तब्ध झाले. नोकरीच्या पहिल्या वर्षी, सांवेर रोडवरच्या मोरीवरून मोजत मोजत त्यांनी एका रात्री उधारीचं यंत्र घरापर्यंत आणलं होतं आणि आपल्या आईच्या नकळत तो चौकोन कोरला होता. टीबीएम. कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" मामा म्हणाले.

"पाचशे त्रेपन्न पॉइंट काहीतरी," मामी म्हणाली. "वहीत आहे. तुमच्या आईंनी विचारलं तेव्हा मीच सांगितलं होतं, रांगोळीसाठी करून घेतलाय म्हणून."

गवंड्यानं दगडाकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. त्याचा सगळा उतार बिघडणार होता. "माताजी, ये बीच में क्यों छोडना? वास्तु का है क्या?"

मामांनी तोंड उघडलं. मामीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"हां भिया, वास्तु का है. हिलाना मत."